मोगलीला कोणी वाढवले?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलावयाचे म्हणजे आरोग्य, बचत, मुलींचे शिक्षण असा एखादा विषय घ्यावा, ही आपली रीत आहे आणि ती चांगलीच आहे. यंदा कार्यकारिणीने विषय निवडण्याची मोकळीक मला दिली. मी कार्टूनवर बोलणार असे सांगितले, तेव्हा दोघीतिघी हसल्या. एक वहिनी म्हणाल्या, "अहो, तो तर पोरांचा विषय!" मला वाटते, पोरांचा आहे म्हणूनच तो आपला विषय आहे. मुलांच्या पोटात काय जाते ते आपण तपासून पाहतो. भाजी निवडतो, दूध उकळतो. मग त्यांच्या डोळ्यांतून आणि कानांतून मनात काय जाते, याची चौकशी आपण का करू नये?

आज अनेक कार्टूनमालिका आहेत. त्या सगळ्यांचा पाढा मी वाचणार नाही. एकाच मालिकेविषयी बोलते, आणि ती इथे बसलेल्या निम्म्याअधिक जणींना तोंडपाठ असेल. "द जंगल बुक", म्हणजे आपला मोगली.

आधी थोडी माहिती सांगते. ही मालिका मूळची जपानची. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने ती तयार केली आणि ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात टीव्ही टोकियोवरून तिचे ५२ भाग दाखवले गेले. आपल्याकडे १९९३ साली दूरदर्शनने ती हिंदीत आणली. शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल दिली. पुढे २०२० साली, करोनाच्या टाळेबंदीत सारे घरात अडकले होते, तेव्हा दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली. ज्या मुलांनी ती १९९३ साली पाहिली होती, ती आता आईबाप झाली होती. आपल्या मुलांना शेजारी बसवून त्यांनी ती पाहिली. सत्तावीस वर्षांनी दोन पिढ्या एका सतरंजीवर बसाव्यात असे काय त्या गोष्टीत आहे, हाच माझा आजचा प्रश्न.

१९९३ साली आपण धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्या काळी आमच्या गल्लीत सगळ्यांकडे टीव्ही नव्हता. रविवारी सकाळी आमच्या ओटीवर गल्लीतली पोरे येऊन बसत. चपलांचा ढीग दाराबाहेर, एक जण गच्चीवर अँटेना फिरवायला, आणि खालून आरोळी, "आलं, आलं, आता हलवू नको!" आंघोळीचे पाणी निवून जाई. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. हळूहळू हातातले लाटणे तसेच घेऊन दारात उभी राहू लागले, आणि पुढे सरळ मुलांच्या मागे बसू लागले.

तेव्हा मुलांपुढे दुसरेही वीर होते. त्याआधी दूरदर्शनवर हे-मॅन येऊन गेला होता. तो तलवार उंच धरी आणि क्षणात त्याच्या अंगी बळ येई. कोळी-माणूस, म्हणजे स्पायडरमॅन, येऊन गेला होता. त्याला एक विचित्र कोळी चावला आणि तो भिंतीवर चढू लागला. या साऱ्यांचा वडील भाऊ सुपरमॅन. तो १९३८ साली अमेरिकेतल्या चित्रकथेत जन्मला. त्याचे बळ असे की तो मुळी या पृथ्वीचाच नाही. आणि १९९२ साली अमेरिकेत बॅटमॅनची एक कार्टूनमालिका सुरू झाली. कार्टूनमध्ये कसब किती असू शकते याचा दाखला म्हणून जाणकार आजही तिचे नाव घेतात.

या वीरांची निंदा करायला मी उभी नाही. मुलांना ते आवडतात त्याला कारण आहे. मूल लहान असते. घरात त्याचे कोणी ऐकत नाही, वर्गात दांडगी पोरे ढकलतात. एका क्षणात आपण बलवान व्हावे हे स्वप्न त्याला पडणारच. पण जरा विचार करा. ग्रहावरून आलेले बळ, कोळ्याच्या चाव्यातले बळ, तलवारीतले बळ, हे सगळे लॉटरीसारखे आहे. ज्याला लागले त्याला लागले. ते मिळवण्यासाठी मुलाने काय करावे? काहीच करता येत नाही. आणि आईने काय करावे? तिला तर या गोष्टीत कामच नाही.

आता मोगली पाहा. जंगलात त्याच्याइतके दुबळे कोणी नाही. नखे नाहीत, सुळे नाहीत, अंगावर केस नाहीत, पळताना चारच काय, धड दोन पायही साथ देत नाहीत. शेजारी वाघ, अस्वल, अजगर. असे हे उघडे पोर त्या रानाचा वीर होते. कसे होते? तर त्याला वाढवणारे पुष्कळ होते म्हणून. मला या मालिकेचे सारे मर्म यात वाटते.

ही गोष्ट रडयार्ड किपलिंग याच्या पुस्तकांतली. किपलिंग जन्मला आपल्या मुंबईत, १८६५ साली. त्याचे वडील जे. जे. कला शाळेत शिकवीत. जंगल बुकचे पहिले पुस्तक १८९४ चे आणि दुसरे १८९५ चे. किपलिंग साम्राज्याचा अभिमानी होता आणि त्याची सगळीच मते आपण डोक्यावर घ्यावीत असे नाही. पण मोगलीच्या सुरुवातीचा प्रसंग त्याने असा लिहिला आहे की कोणत्याही आईने तो ऐकावा.

शेरखानाच्या तावडीतून सुटलेले, नुकतेच चालू लागलेले एक मूल लांडग्याच्या गुहेपाशी येते. लांडगा ते तोंडात धरून आत आणतो, पण दाताचा ओरखडाही त्याच्या अंगावर उठत नाही. मूल बेधडक लांडगीच्या पिलांमध्ये घुसते आणि दूध पिऊ लागते. मागोमाग शेरखान येतो. त्याचे डोके गुहेच्या तोंडात अडकते. आपली शिकार तो मागू लागतो. तेव्हा लांडगी पुढे होते आणि वाघाच्या तोंडावर सांगते की हे मूल माझे. वाघ मागे फिरतो. पुस्तकात त्या लांडगीचे नाव रक्षा आहे.

पुढे लांडग्यांची पंचायत बसते. नियम असा की आईबाप सोडून आणखी दोघांनी मुलाची बाजू घेतली पाहिजे. एक शब्द टाकतो अस्वल, जो पिलांचा मास्तर आहे. दुसरा असतो काळा बिबट्या बगीरा. त्याला पंचायतीत बोलण्याचा हक्क नाही. म्हणून तो एक नुकताच मारलेला बैल देऊन मुलाचा जीव विकत घेतो. म्हणजे पाहा, जन्म देणारी वेगळी, दूध पाजणारी वेगळी, शब्द टाकणारा वेगळा आणि किंमत मोजणारा वेगळा. एका पोरासाठी इतके हात पुढे आले.

बॅटमॅनही पोरकाच आहे. त्याच्या डोळ्यांदेखत आईबाप मारले गेले. त्याच्याकडे अफाट पैसा आहे, वाडा आहे, विश्वासू नोकर आहे. पण त्याचे दुःख त्याने एकट्याने उरात ठेवले आणि त्याचेच बळ केले. ती गोष्टही मोठी आहे आणि मोठ्या माणसालाही गलबलून यावे अशी आहे. मोगलीकडे पैसा नाही, वाडा नाही, कमरेला एक चड्डी आहे एवढेच. पण तो एकटा नाही. दोन पोरक्या मुलांच्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की मुलाला काय दिल्याने काय होते ते दिसते.

मोगलीला शिकवले काय, तेही पाहण्यासारखे आहे. अस्वल त्याला रानाचा कायदा शिकवते. पोटापुरती शिकार करावी, पाणवठ्यावर कोणाला त्रास देऊ नये, टोळीला धरून राहावे. दुसरे म्हणजे ते त्याला भाषा शिकवते. पक्ष्यांना त्यांच्या भाषेत आपली ओळख द्यायची, सापांना त्यांच्या भाषेत. मोगली कंटाळतो, चिडतो, मार खातो. पण एके दिवशी माकडे त्याला झाडांच्या शेंड्यांवरून उचलून नेतात, तेव्हा वर घिरट्या घालणाऱ्या घारीला तो तिच्या भाषेत हाक मारतो. ती घार जाऊन अस्वलाला आणि बगीराला बातमी देते. अजगराला सोबत घेऊन ते त्याला सोडवतात. घोकून घेतलेला धडा जिवावर बेतले तेव्हा कामी आला. शाळामास्तरणी असलेल्या माझ्या भगिनींना हा प्रसंग फार आवडेल.

आता या मालिकेच्या कलेविषयी बोलते. कारण गोष्ट कितीही चांगली असली तरी ती वाईट रीतीने सांगितली तर मुले उठून खेळायला जातात.

हलती चित्रे कशी बनतात हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चौकटी धावतात. २० मिनिटांच्या गोष्टीला ६० सेकंद आणि २४ चौकटी या हिशेबाने २८,८०० चौकटी लागतात. इतकी चित्रे दर आठवड्याला काढणार कोण? म्हणून जपानी कारागिरांनी काटकसर शोधली. एकच चित्र तीन चौकटींना वापरायचे. मग ९,६०० चित्रांत काम भागते. तेही कमी नाही. म्हणून मागचे रान एकदाच कागदावर रंगवायचे आणि पुढची पात्रे पारदर्शक पत्र्यांवर काढून त्यावर ठेवायची. बोलताना सारे अंग स्थिर, फक्त तोंड हलवायचे. लांडग्यांची धाव एकदा काढली की ती पुन्हा पुन्हा वापरायची. टीव्हीसाठी असे काम करण्याची वाट जपानात ओसामू तेझुका यांनी रुळवली. १ जानेवारी १९६३ रोजी त्यांची ॲस्ट्रो बॉयची मालिका सुरू झाली. तोही एक अचाट बळाचा यंत्रमुलगाच.

ही काटकसर ऐकून कोणी नाक मुरडील. पण आपण बायका गोधडी शिवतो ना? जुन्या लुगड्याचा काठ इथे, धोतराचा तुकडा तिथे. नवे कापड थोडे, पण टाका असा घालायचा की पांघरणाऱ्याला ठिगळ जाणवू नये. तसेच हे काम आहे. पुन्हा एखादा भाग पाहा आणि लक्ष द्या. मोगली ओरडतो आणि मागोमाग क्षणभर काहीच हलत नाही. नुसते गवत, नुसता चंद्र, नुसते शेरखानाचे डोळे. चित्र थांबते आणि आपला श्वासही थांबतो. चित्रे कमी होती म्हणून त्यांनी स्तब्धतेचा उपयोग केला, आणि रानात खरी भीती स्तब्धतेचीच असते.

रंगांचेही तसेच. त्या बॅटमॅनच्या मालिकेतले चित्रकार एरिक रॅडोम्स्की यांनी रात्रीच्या शहराची चित्रे काळ्या कागदावर रंगवली. इतर लोक पांढऱ्या कागदावर काळोख काढतात. त्यांनी काळोखावर उजेड काढला, म्हणून त्या शहरात दिवा लागला की तो खरोखर अंधारात लागल्यासारखा वाटतो. त्याच मालिकेच्या संगीताची धुरा शर्ली वॉकर या बाईंनी वाहिली. मुलांच्या कार्टूनसाठी त्यांनी खऱ्या वादकांचा ताफा बसवून संगीत वाजवून घेतले. लहान मुलांसाठी आहे म्हणून काहीही चालेल, असे या कोणी म्हटले नाही. मुलांसाठी स्वयंपाक करताना आपणही असे म्हणत नाही.

आणि आवाज! मालिका जपानी, चित्रे जपानी, पण आपल्या पोरांना ती परकी वाटली नाही, यात मोठा वाटा हिंदी आवाजांचा आहे. शेरखानाचा आवाज कोणाचा, आठवते का? नाना पाटेकरांचा. मुरुड-जंजिऱ्यात जन्मलेला हा आपला मराठी नट. त्यांनी वाघाला नुसता गुरगुरायला लावला नाही. त्यांचा शेरखान हळू बोलतो, मध्येच थांबतो, आणि त्या थांबण्यात धाक असतो. आमच्या ओटीवरची धाकटी पोरे तो आवाज आला की माझ्या पदराआड येत, आणि पदराच्या फटीतून पाहत राहत. गुलजारांच्या गीतातही तसेच. एवढा मोठा कवी, पण चड्डीसारखा घरात दिवसातून दहादा येणारा शब्द त्यांनी गाण्यात घेतला. मुलांना वाटले, हे गाणे आपल्यातल्याच कोणीतरी केले आहे.

आपल्याकडे ही कला नव्हती असे मात्र समजू नका. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक सरकवून त्यांची छायाचित्रे घेतली आणि "आगकाड्यांची मौज" हा पट केला. स्वातंत्र्यानंतर मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग निघाला. डिस्नेकडचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि १९५७ साली जातककथेवरचा "द बॅनियन डिअर" हा पट तयार झाला. आणि एका बाईंचे नाव आपण तरी विसरू नये. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे. त्यांनी १९७४ साली "एक अनेक और एकता" हा छोटा पट केला. पाखरे जाळ्यात सापडतात आणि सगळी मिळून जाळ्यासकट उडून जातात, ती गोष्ट. दूरदर्शनवर तो पट कितीतरी वेळा दाखवला गेला. विजयाबाई २०१९ साली वारल्या. त्यांच्या पाखरांचे आणि मोगलीच्या टोळीचे सांगणे एकच आहे.

आता मी जरा आपल्या दारात येते. मोगलीचे रान कोणते? पुस्तकात ते सिवनीचे डोंगर आहेत. म्हणजे सातपुडाच. आपल्या शहाद्याच्या, तळोद्याच्या उत्तरेला जी निळी रांग दिसते, तीच पूर्वेकडे जात जात तिथे पोहोचते. त्याची नदी वैनगंगा. ती सिवनीत उगम पावते आणि आपल्या महाराष्ट्रात भंडारा, गडचिरोलीकडे वाहत येते. किपलिंगने सिवनी स्वतः पाहिलेली नव्हती. दूर अमेरिकेत बसून त्याने ते रान लिहिले. जपानी चित्रकारांनी ते त्याच्याहूनही दुरून रंगवले. म्हणून त्यांच्या रानात हिमालयातला लाल पांडा फिरतो, आणि मोगलीच्या हाती बूमरँग येते. सातपुड्यात बूमरँग कुठले? इथे तीरकामठा आहे.

ही चूक मुलांना दाखवून द्यायला हवी, पण तेवढ्यावर थांबू नये. कारण त्या चित्रांत आणखी एक मोठी उणीव आहे. सातपुडा म्हणजे नुसते प्राणी नव्हेत. तिथे माणसे राहतात, पिढ्यान्‌पिढ्या राहतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात दर दहा माणसांतली जवळजवळ सात आदिवासी आहेत. भिल्ल आहेत, पावरा आहेत. अक्राणीच्या डोंगरात कोणत्या झाडाची मोहफुले आधी गळतात, चारोळी कधी उतरवायची, कोणता पाला जखमेवर लावायचा, हे तिथल्या बाईला ठाऊक असते. मोगलीला अस्वलाने जे शिकवले ते तिने आपल्या आईकडून शिकलेले असते.

आणि आपण काय करतो? डोंगरातली मुले शिकायला खाली येतात. आश्रमशाळेत, वसतिगृहात राहतात, आपल्या गल्लीतून शाळेत जातात. आपल्यातलीच काही पोरे त्यांना "ए मोगली" म्हणून हाक मारतात. मी हे माझ्या कानांनी ऐकले आहे. कोणी "जंगली" म्हणते. ज्या मोगलीसाठी रविवारी जीव टाकायचा, त्याच्याच नावाने सोमवारी एखाद्या पोराला हिणवायचे, हे कसे?

त्या मुलाचा हिशेब मांडून पाहा. घरी तो पावरी किंवा भिली बोलतो. बाजारात अहिराणी कळते, गुजराती कळते. शाळेत मराठी, पुढे हिंदी, पुढे इंग्रजी. आईबाप दूर, जेवण वेगळे, पलंग परका. तरी तो शिकतो. मोगलीने पक्ष्यांची आणि सापांची बोली शिकली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. या पोराने पाच भाषा शिकल्या त्याला टाळी कोण वाजवणार? आणि आपल्यापैकी किती जणींना त्याच्या भाषेतला एक तरी शब्द येतो? लाकूडफाटा, आंबे, चारोळी घेऊन बायका आपल्या दारी येतात. भाव करण्यापुरते बोलणे होते, मग दार लागते.

कोणी म्हणेल, बाई कार्टूनवरून कुठे गेल्या! पण मी विषय सोडलेला नाही. मोगलीचा जीव वाचला तो पंचायतीत दोघांनी शब्द टाकला म्हणून. आईबाप सोडून दोघे लागतात असा तो नियम आहे. शिकायला खाली आलेल्या पोराचे आईबाप डोंगरात आहेत. इथे त्याच्यासाठी शब्द टाकणारे ते दोघे कोण? ते आपणच व्हायला हवे.

वीर म्हटला की आपल्या नंदुरबारला कोणाची आठवण येते ते सांगायला नको. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हाती घेऊन शिरीषकुमार गोळीसमोर उभा राहिला, आणि त्याच्यासोबत चार सोबतीही गेले. शाळकरी वयाची ती मुले. त्यांच्या अंगी ग्रहावरचे बळ नव्हते. घरात, शाळेत, मिरवणुकीत त्यांनी जे ऐकले, जे पाहिले, त्याने त्यांचे मन घडले होते. ज्या गावाने असे वीर पाहिले आहेत, त्या गावातल्या मुलांना वीर कसा घडतो हे समजायला जड जाऊ नये. आपण सांगितले मात्र पाहिजे.

सांगण्याची वेळ आता थोडी आहे. पूर्वी रविवारी एक भाग यायचा आणि मग आठवडाभर वाट पाहावी लागे. त्या आठवड्यात मुले त्याच भागाचा खेळ करीत, भांडत, पुढे काय होईल ते रचीत. गोष्ट मुरायला वेळ मिळे, जसा कैरीला मीठ लावून ठेवल्यावर मिळतो तसा. आता हातात मोबाईल आहे. एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो, आणि मूल एका कोपऱ्यात एकटे बसलेले असते. मोबाईलला शिव्या देऊन तो जाणार नाही. शेतात, दुकानात, नोकरीत राबणाऱ्या आईने मुलाच्या हाती तो दिला तर तिला दोष देण्याचा अधिकारही कोणाला नाही. पण टोळीची गोष्ट एकट्याने पाहण्यात तिचा अर्धा अर्थ हरवतो, एवढे खरे.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे, आणि ती खर्चाची नाही. महिन्यातून एका शनिवारी दुपारी आपल्या या सभागृहात मुलांना बोलवावे. गल्लीतली मुले आणि जवळच्या वसतिगृहातली मुले, दोन्ही. एकच भाग दाखवावा, दुसरा नको. मग टीव्ही बंद करून मुलांना बोलू द्यावे. शेरखान वाईट की भुकेला? लांडगीने दुसऱ्याचे पोर का पाजले? बगीराने बैल का दिला? उत्तरे आपण देऊ नयेत. मुलांची उत्तरे ऐकली तर आपणच काही शिकू.

आणि त्यानंतर डोंगराकडची एखादी आजी किंवा मावशी पाहुणी म्हणून यावी. तिने खरे रान सांगावे. बिबट्या आता उसाच्या फडात का येतो, हे तिला आणि तळोदा-शहाद्याच्या शेतकरणींना कोणत्याही चित्रकारापेक्षा अधिक ठाऊक आहे. तिने झाडांची, पाखरांची नावे आपल्या बोलीत सांगावीत आणि आपल्या मुलांनी ती म्हणावीत. तिला मानाने खुर्ची द्यावी, चहा द्यावा, श्रीफळ द्यावे, जसे आपण बाहेरगावच्या वक्त्याला देतो. त्या दिवशी वसतिगृहातले पोर आपल्या बोलीतला शब्द आपल्या मुलाला शिकवील. त्यानंतर त्याला कोणी हिणवील असे मला वाटत नाही.

कार्यकारिणीने होकार दिला तर पहिल्या शनिवारची सतरंजी मी घालीन आणि मुलांसाठी गूळ-शेंगदाणे आणीन. पाहुणीला आणण्याची जबाबदारी कोणीतरी उचलावी. सभा संपल्यावर चहाच्या वेळी मी दाराशी वही घेऊन बसते. ज्या भगिनींना या कामात यायचे असेल त्यांनी नाव लिहून जावे. दोन नावे आली तरी मी आनंदाने काम सुरू करीन.